आवडीचे कापड



देह ही पंचमहाभूतांच्या ठिगळांची गोधडी आहे. ठिगळ कोणते आणि कुठले याला किंमत नाही, ऊब मिळाली म्हणजे झाले, असा दृष्टांत मी चाळीस वर्षे कीर्तनात देत आलो. तो सांगितला की श्रोत्यांच्या माना डोलत, मृदंगावर थाप पडे, टाळकरी चाल उचलत आणि मी पुढच्या चरणाकडे वळे. हा दृष्टांत चुकीचा आहे हे मला वयाच्या शहात्तराव्या वर्षी कळले. दाखवून देणारे कोणी शास्त्री-पंडित नव्हते. जिने शिवलेल्या गोधड्या अंगावर घेऊन मी आयुष्यभर निजलो, त्या माझ्या सहधर्मिणीनेच ते दाखवून दिले. घरात सगळे तिला माई म्हणतात, म्हणून मीही इथे माईच म्हणतो.

झाले असे. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर आमची थोरली नात पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून घरी आली. तिला क्विल्ट शिवण्याचा नाद आहे. क्विल्ट म्हणजे गोधडीच, फक्त ती नव्या कापडाची, आधी कागदावर आखून, मोजून-मापून केलेली. तिच्या पिशवीत चौकटी आखलेली हिरवी चटई होती, आरपार दिसणारी रुंद पट्टी होती, चाकासारखे फिरणारे पाते होते, आणि घडीवर घडी घालून ठेवलेली तिच्या आवडीची छापील कापडे होती. जयपूरजवळच्या सांगानेरची पांढऱ्यावर बारीक फुलांची, बगरूची मातकट लाल आणि काळी, कच्छमधल्या अजरखपूरची निळ्या-तांबड्या नक्षीची. अजरखपूर हे गाव 2001 च्या भूकंपानंतर वसले. धमडक्याचे खत्री कारागीर तिथे येऊन राहिले आणि पुन्हा लाकडी ठसे हातात घेतले, असे तिने सांगितले. ती स्वतः तिथे जाऊन आली होती.

"बाळासाठी यातलं शिवायचं आहे," ती म्हणाली, "पण तीन वर्षं झाली, कात्री लावायला धीर होत नाही."

सूनबाईंचा आक्षेप वेगळा होता. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कोरे कापड लावत नाहीत. नव्या कापडात खळ असते, ते टोचते. पन्नासदा धुतलेले, मऊ झालेले लुगडेच बाळाच्या अंगाला लावायचे. नात म्हणे धुऊन घेऊ. सूनबाई म्हणे धुतलेले नवे ते नवेच. वाद वाढणार, तोच माई भिंतीला टेकून बसली होती तिथूनच म्हणाली, "वरून नवं, आतून आणि खालून जुनं. आणि माझीपण आवडीची कापडं आहेत. ट्रंक काढा."

माई असे काही म्हणेल असे कोणाला वाटले नव्हते, कारण तिला आता दिसत नाही.

तिला काचबिंदू झाला. हे दुखणे फार चोरट्या पावलांनी येते. तिचा डोळा दुखला नाही, लाल झाला नाही. कडेची नजर आधी गेली, समोरचे दिसत राहिले, म्हणून तिलाही कळले नाही. दाराच्या चौकटीला तिचा खांदा आपटे. ताटाच्या कडेची वाटी तिला सापडत नसे. आणि मी सप्ताहाहून सप्ताहाला जाणारा माणूस, घरी असेन तेव्हा म्हणे, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" डॉक्टरांकडे नेले तोवर उशीर झाला होता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आता तिला उजेड आणि अंधार एवढेच कळते. तीन वर्षे तिच्या हातात सुई नव्हती.

ट्रंक काढली. कीर्तनकाराच्या घरात काय साठते ते वाचकांना ठाऊक असेल. कीर्तन झाले की नारळ आणि उपरणे महाराजांना, आणि घरच्या माउलीसाठी ओटीचे ब्लाउजपीस. ही कापडे बहुधा शिवलीच जात नाहीत. ओटीतून ओटीत, हळदीकुंकवातून डोहाळजेवणात अशी फिरत राहतात. आमच्याकडून गेलेले एक पोपटी कापड सहा महिन्यांनी भलत्याच गावाहून माझ्याच झोळीतून घरी आले होते. पण त्यातली काही माई पुढे देत नसे. हात फिरवून, उजेडात धरून बघे आणि बाजूला ठेवी. मी एकदा बोललोही होतो, "ज्या घरात रोज वैराग्याचं निरूपण, त्या घरात ट्रंकभर चिंध्या!" तिने उत्तर दिले नाही. फक्त ट्रंकेचे झाकण लावले.

आता ती ट्रंक माझ्यापुढे उघडी होती आणि कापडे बघायचे काम माझ्याकडे आले होते. एकूण 112 निघाली. नातीने पहिली गाळणी लावली ती सूत की मिसळ याची. कापडाचा एकेक धागा ओढायचा आणि चिमट्यात धरून पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर वितळून आकसते आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. 112 पैकी 38 सुती निघाली. ही परीक्षा झाल्यावर कळले की माईने बाजूला ठेवलेली बहुतेक सगळी त्या 38 मध्ये होती. तिला दिवा लावायची गरज पडली नव्हती. हाताला कळत होते.

मग निवड. माई म्हणाली, "एकेक सांगा."

मी उचलले पहिले कापड आणि सवयीने सुरू केले, की वसंतात वनश्री फुलावी तशी यावर फुलांची... तिने हात वर केला. "अहो, निरूपण नको. जमीन कुठल्या रंगाची ते सांगा. फूल केवढं ते सांगा. सुपारीएवढं, की लिंबाएवढं? फुला-फुलात जागा किती सुटली आहे? एक बोट, की दोन?"

मी सांगू लागलो आणि अडखळलो. विटेवरचे रूप पायांपासून मुकुटापर्यंत तासभर वर्णन करणारी माझी जीभ, पण 'जमीन पिवळी' म्हटल्यावर "कुठली पिवळी? हळदीची, लिंबाची, की शेवंतीची?" असे तिने विचारले की मला पुन्हा कापडाकडे बघावे लागे. बघून सांगितले की ती क्षणभर थांबे आणि म्हणे, "हं, ते. त्याच्या कोपऱ्यात शाईचा डाग आहे बघा." डाग असे.

नातीने आम्हाला एक गोष्ट शिकवली. सगळीच कापडे ठसठशीत घेतली तर एकही दिसत नाही. मोठ्या नक्षीचे एक, मधल्या नक्षीची दोन-तीन, आणि बाकी मोहरीएवढ्या ठिपक्यांची, बारीक रेघांची. रंग वेगळे असून भागत नाही. गडद आणि फिका हा भेद हवा. तो ओळखण्यासाठी डोळे बारीक करून बघायचे, म्हणजे रंग विरतात आणि फक्त काळोख-उजेड उरतो. मी डोळे बारीक केले. माई म्हणाली, "मला तेवढंच दिसतं. मला विचारा." नातीने दोन कापडे खिडकीसमोर धरली आणि माईने त्यातले गडद कोणते ते बरोबर सांगितले. त्या दिवशी घरात पुष्कळ दिवसांनी हसू ऐकू आले.

याच बैठकीत माझ्या दृष्टांताचा निकाल लागला. मी सहज म्हणालो, "एवढं काय निवडायचं? गोधडी ही शेवटी ठिगळांचीच. कुठलंही ठिगळ कुठंही चालतं."

"कोण म्हणतं?" माईने विचारले.

"मीच म्हणतो. कीर्तनात."

"ऐकलंय मी. चुकतंय तुमचं. भक्कम कापड शेजारच्या विरलेल्या कापडाला ओढतं. टाका तिथंच फाडतो. कुठलंही ठिगळ कुठंही लावलं तर गोधडी दोन पावसाळे काढत नाही. जुन्याला जुन्याचा शेजार द्यायचा, नाहीतर त्याला खालून अस्तराचा आधार द्यायचा. उभा धागा उभ्याला लावायचा. तिरपं कापलं तर कापड ताणतं आणि गोधडी वाकडी होते. आणि आवडीचं कापड मधे नाही घालायचं, जिथं हात जातो तिथं घालायचं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"भर कीर्तनात?"

मी गप्प बसलो. ती मात्र आता थांबणार नव्हती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक, ज्यात जीर्ण वस्त्र टाकून माणूस नवे घेतो तसा देही देह बदलतो असे म्हटले आहे, त्यावर मी अनेक ठिकाणी चिंतन मांडले आहे. माई म्हणाली, "तुम्ही सांगता जुनं वस्त्र टाकून देतात. आपल्या घरात कधी कोणी टाकलं? लुगडं विरलं की गोधडीत गेलं. गोधडी फाटली की बाळाचं दुपटं झालं. त्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं. आणि स्वच्छ चिंध्या राहिल्या तर तुम्हीच देवळात नेत होता, काकड्याला." हे अगदी खरे आहे. काकड आरतीचा काकडा म्हणजे चिंध्या पिळून केलेली वातच. पहाटे देवाच्या मुखासमोर जो उजेड धरतो, तो कोणाच्या तरी लुगड्याचा असतो. मी सांगू लागलो की श्लोकातला दृष्टांत देहापुरता घ्यायचा, वस्त्राच्या हिशोबाला नाही. ती म्हणाली, "असेल. मला आपलं कापडाचं ठाऊक." श्लोकाचा अर्थ आहे तोच आहे, त्याला बाध नाही. पण ज्या वस्तूचा दृष्टांत देतो तिला एकदा तरी हात लावावा, एवढे माझ्या पदरी पडले.

आखणी अशी ठरली. शिवण्याआधी साडेसहा इंचाचे चौकोन कापायचे. प्रत्येक बाजूने पाव इंच शिवणीत जातो, म्हणजे शिवल्यावर सहा इंच उरतो. सहा ओळी, ओळीत सहा, असे 36 चौकोन. एक वार लांब, एक वार रुंद. त्यात छापील फक्त पंधरा आणि एकवीस कोऱ्या मांजरपाटाचे. मला हे दरिद्री वाटले. एवढी कापडे असताना निम्म्याहून जास्त गोधडी कोरी? नात म्हणाली की नव्या पद्धतीत मोकळी जागा मुद्दाम सोडतात, त्यामुळे छाप उठून दिसतो. माईचे कारण मला जास्त पटले. "बाळाचं तोंड येईल तिकडं कोरं ठेवा. बाळ हाताला लागेल ते चोखतं. तिथं रंग नको." मग छापील चौकोन पायाच्या कोपऱ्याकडे दाट आणि वर जाता जाता विरळ असे मांडले. माई प्रत्येक ओळीवरून हात फिरवून चौकोन मोजे आणि कुठे काय आहे ते पाठ करी.

कापडे आधी धुवायची होती. सूत आकसते ते आधीच आकसू द्यायचे. शिवाय गडद कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचा, रंग सुटतो का ते कळते. हे काम माझ्याकडे होते. मी तिसऱ्या कापडाला कंटाळलो आणि एक लालभडक कापड मांजरपाटाबरोबरच बादलीत घातले. संध्याकाळी मांजरपाट गुलाबी झाला होता. नात काही बोलली नाही, पण तिचा चेहरा पडला. माईने विचारले, "किती गुलाबी?" मी म्हणालो, "फिक्या जास्वंदीएवढा." "मग खालच्या बाजूच्या पट्टीला घ्या. आणि उद्यापासून एकेक कापड वेगळं भिजवा."

आता कापायची वेळ. नातीने तिचे अजरखचे कापड चटईवर पसरले, पट्टी ठेवली, पाते हातात घेतले आणि तशीच बसली. मी तिला द्रौपदीची गोष्ट सांगितली. लोककथा आहे, कीर्तनात मी अनेकदा सांगितलेली. देवाचे बोट कापले. सुभद्रा बहीण, पण घरात सगळे भारी शालू-पैठण्या. ती जुनी चिंधी शोधत राहिली. द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडले आणि बोट बांधले. नात हसली. म्हणाली, "आबा, तिला विचार करायला वेळच नव्हता. मला तीन वर्षं मिळाली, तेच चुकलं." आणि तिने पट्टीच्या कडेने पाते फिरवले.

चौदा छापील चौकोन झाले. माई म्हणाली, "आता माझं निळं. मोहरीएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांचं. ते मला बाळाच्या हाताशी हवं."

मी ट्रंक पुन्हा उपसली. निळी दोन होती, एकाला फुले, एकाला रेघा. ठिपक्यांचे नव्हतेच. "नीट बघा," ती म्हणाली, "एका सप्ताहाला मारवाडी शेठजींच्या घरी उतरला होता. त्यांच्या सुनेनं माहेरचं म्हणून दिलं होतं." शेठजी आठवले, पंगत आठवली, कापड आठवेना. नातीने वर्णन ऐकून सांगितले की ते बगरूकडचे दाबू असेल. काळी माती, चुना, डिंक आणि गव्हाचा भुस्सा यांचा लगदा ठशाने कापडावर उठवतात. मग कापड निळीच्या हौदात बुडवतात. बाहेर काढताना ते हिरवट दिसते, वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होते. धुतल्यावर माती निघून जाते आणि जिथे माती होती तिथे पांढरा ठिपका राहतो. माई म्हणाली, "तेच. जगात तसं निळं मी दुसरं बघितलं नाही."

तीन दिवस शोधले. माळा झाला, कपाटे झाली. चौथ्या दिवशी पहाटे मी नेहमीप्रमाणे ज्ञानेश्वरी वाचायला बसलो. पोथीचे बासन सोडायला गाठीत बोट घातले आणि हात तिथेच राहिला. बासन निळे होते. घडीच्या वरच्या बाजूला उन्हाने आणि हाताने पार राखाडी झालेले. आतली घडी उलगडली तर गर्द निळे, आणि त्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके.

तेव्हा आठवले. पंचवीस-तीस वर्षे झाली असतील. जुने बासन फाटले होते आणि मी घाईत होतो, पारायणाला निघायचे होते. ट्रंक उघडली, वरच ठेवलेले, सगळ्यांत चांगले दिसले ते कापड घेतले. पोथीला चांगलेच हवे, एवढाच विचार. कोणाचे, कोणी जपून ठेवलेले, हे मनात आले नाही. विचारले तर नाहीच. त्यानंतर हजारो वेळा ती गाठ सोडली-बांधली आणि कापड कधी पाहिले नाही.

माई उठल्यावर मी ते तिच्या हातात दिले. म्हणालो, "सापडलं. पोथीला होतं. मीच घेतलं होतं."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "रोज देव्हारा पुसताना हाताला लागतं. म्हटलं, तुम्हाला सापडतं का बघू."

"मग मागितलं का नाहीस इतकी वर्षं?"

"देवाला गेलेलं परत कसं मागू?" ती ते कापड चाचपत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "विचारलं असतं ना, तर दिलंच असतं. मग ते मी दिलेलं झालं असतं."

वाचक माउली, मी पुष्कळ निरूपणे ऐकली आणि केली. आळंदीच्या अभ्यासात आसक्ती आणि भक्ती यांचा भेद घोकला. पण माईच्या या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. आम्हा वारकऱ्यांना आवड वर्ज्य नाही. निर्गुणाच्या गोष्टी बोलून शेवटी आपण विटेवरच्या एका सावळ्या रूपाला जीव लावतो. नामदेवराय शिंप्याच्या घरी जन्मले आणि त्यांची सारी भक्ती त्या रूपाच्या आवडीतून वाहिली. माझी आवड मी भक्तीच्या खात्यात लिहिली. माईची आवड मी लोभाच्या खात्यात लिहिली, आणि गरज पडली तेव्हा तिच्याच ट्रंकेतून उचलून देवाला वाहिली, तीही माझ्या नावाने. ट्रंकेत जपून ठेवलेली ती कापडे कोणाला तरी द्यायचीच होती. कोणाला आणि केव्हा, एवढे ठरवणे तिचे होते. तेवढे मी तिच्याकडून घेतले.

त्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. लग्नाला बावन्न वर्षे झाली, हे पहिल्यांदा. ती म्हणाली, "सुया ओवून ठेवा दहा. दुपारी बसायचंय."

निळ्या कापडाचे काय करायचे ते तिनेच ठरवले. एकाच कापडात आता दोन रंग झाले होते, बाहेरचा राखाडी आणि आतला गर्द. नातीने दोन्हींतून तुकडे घेऊन एकच चौकोन जोडला, अर्धा विरलेला, अर्धा ताजा. जुने कापड नव्याच्या ओढीने फाटू नये म्हणून त्याला मागून मलमलचे पातळ अस्तर लावले. तो पंधरावा चौकोन. उरलेल्या कापडाचे काय, असे मी विचारले नाही.

वरचा थर नातीने मशिनवर जोडला. मधल्या थरासाठी तिने कापसाची लादी आणली होती, पण बाळ चैत्रात येणार, उन्हाळ्याचे दिवस, एवढी ऊब नको. माईने सांगितले, "यांचं कीर्तनाचं धोतर घाला दुहेरी. त्याच्याइतकं मऊ घरात काही नाही." ज्या धोतरावर मी कितीतरी गावांत उभा राहिलो, ते असे आत गेले. खालचा थर माईच्या नऊवारी लुगड्याचा, कडेला माझ्या चुकीची गुलाबी पट्टी.

नातीची रीत मधून सुरू करून बाहेर शिवत जाण्याची, म्हणजे चुण्या कडेला निघून जातात. माईची रीत कडेने सुरू करून चौकोनात चौकोन घेत आत जाण्याची. पूर्वी सारवलेल्या ओट्यावर थर पसरून, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवून चार बायका चार बाजूंनी बसत. शेवटी नातीने मधून कच्चा दोरा घालून थर बसवले आणि माईने कडेने पक्का टाका सुरू केला. तांदळाचा एक दाणा वर, एक दाणा खाली. डावा अंगठा पुढे सरकतो आणि सुई त्याच्या मागे येते. डोळ्यांचे काम तिथे नव्हतेच. मी सुया ओवायचो. मग एक बाजू मलाही मिळाली. हातभर ओळ घातली आणि अभिमानाने तिचा हात त्यावर ठेवला. तिने बोट फिरवले.

"उसवा," ती म्हणाली.

दोनदा उसवले. तिसऱ्यांदा तिने हात फिरवला, थोडा थांबवला आणि पुढच्या ओळीला लागली.

बाळ चैत्री एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आले. बाराव्या दिवशी बारसे. पाळण्यात गोधडी घातली, कोरी बाजू उशाकडे. बायका गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत होत्या. गर्दी ओसरल्यावर माईला पाळण्याशी नेले. तिने कडेपासून चौकोन मोजत हात पुढे नेला आणि दोन कापडांचा तो चौकोन बोटांना लागला तिथे थांबली. बाळाची मूठ त्यावरच होती.

पोथी आठवडाभर साध्या पांढऱ्या फडक्यात होती. एका सकाळी माईने नवे बासन माझ्यापुढे केले. उरलेल्या सगळ्या छापील तुकड्यांचे, मधोमध निळे, टाके तांदळाएवढे. म्हणाली, "हे मी देतेय."

मी ते दोन्ही हातांनी घेतले. आता रोज पहाटे गाठ सोडण्याआधी मी कापडाकडे बघतो, मग पोथीकडे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.